थोरलीचा घसा

आमच्या घरातली थोरली मुलगी म्हणजे गाडी. ती माझ्या जन्माच्या आधीच घरात आली, म्हणून बाबा तिला थोरली म्हणतात आणि मला धाकटी. लहानपणी मला याचा फार राग यायचा. आताही येतो, फक्त आता मी तो दाखवत नाही. थोरलीला दर रविवारी आंघोळ, थोरलीला सावलीतली जागा, थोरली जरा खाकरली की बाबा बॉनेट उघडून तिच्यापुढे उभे. मी मात्र तापाने फणफणले तरी "झोप, उतरेल" एवढ्यावर माझी बोळवण व्हायची. बाबा दातांचे डॉक्टर. दातवाल्यांना घशाखालचं काही कळत नाही, असं आई म्हणते.

बाबांनी दवाखाना बंद केला त्याला वर्ष होत आलं. फाटकावरची 'दातांचा दवाखाना' ही पाटी तेवढी अजून आहे, ती काढायला कोणाचा हात होत नाही. दवाखाना का बंद केला असं कोणी विचारलं की बाबा सांगतात, कंटाळा आला. खरं कारण त्यांचे डोळे. समोर बघितलं की मधलं सगळं पुसट होतं आणि कडेकडेचं तेवढं दिसतं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर सांगितलं, की हे वाढत जाणार आणि गाडी चालवणं आता थांबवा. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि निघताना त्यांना म्हणाले, "तुमची ती खालची दाढ एकदा दाखवून घ्या." त्यानंतर घरात त्यांनी डोळ्यांबद्दल ब्र काढला नाही. आम्हीही काढला नाही. न बोलण्यात आमचं घर कोणाला हार जाणार नाही.

फक्त दुसऱ्या दिवशी चहा पिताना बाबांनी जाहीर केलं, "मला आता गाडी चालवायचा वीट आलाय. तू शीक."

हे आईला. आई म्हणजे शाळेतल्या गणिताच्या बाई. जन्मभर तिने दुसऱ्यांना नापास केलं. निवृत्त झाल्यावर स्वतः नापास व्हायची वेळ आली, आणि तीही एकदा नव्हे, दोनदा. दोन्ही वेळा एकाच जागी. परीक्षेत चढाच्या मधोमध गाडी थांबवायला सांगतात आणि तिथून पुन्हा पुढे न्यायला सांगतात. दोन्ही वेळा थोरलीने एक उचकी दिली आणि ती बंद पडली. दुसऱ्या वेळी तर ती मागेही घरंगळली आणि परीक्षकांचा चहा त्यांच्या पँटवर सांडला. घरी आल्यावर आईने पर्स टेबलावर ठेवली आणि निकाल सांगावा तसं सांगून टाकलं.

"आणखी एकदा जाईन. या वेळी नापास झाले तर गाडी विकायची, घराला कुलूप लावायचं आणि धाकटीकडे राहायला जायचं. त्या परीक्षकाच्या शेजारी मी पुन्हा बसणार नाही."

धाकटी म्हणजे मी. माझं औषधांचं दुकान आहे, आणि दुकानाच्या वर दोन खोल्या. आईबाबांवर माझा जीव आहे. पण आई आली की संध्याकाळपर्यंत माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा बदलतात, आणि बाबा माझ्या गिऱ्हाइकांना औषध घेता घेता तोंड उघडायला लावतात. शिवाय त्या दोघांना त्यांचं घर सोडवणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. घर टेकडीच्या वरच्या अंगाला आहे, बस खाली कुठेतरी थांबते. गाडी चालवणारं कोणी नसेल तर तिथे राहता येणार नाही. एवढं सगळं त्या चढावर टांगलेलं होतं.

"माझा पायच चुकतो," आई म्हणाली.

"तुझ्या पायाला काही झालेलं नाही," बाबा कडाडले. "तिचा घसा खराब झालाय."

घसा म्हणजे थ्रॉटल बॉडी. एंजिन जिथून हवा आत घेतं तिथे हाताच्या मुठीएवढी एक नळी असते आणि त्या नळीत एक गोल पितळी चकती. पायाखालचा अॅक्सिलरेटर दाबला की चकती उघडते, सोडला की मिटते. वर्षानुवर्षांची काजळी तिथे बसली होती. त्यामुळे पाय उचलला, की थोरलीचा जीव गुदमरायचा. हे बाबांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं, आणि चित्रात चकतीच्या बाजूला सवयीने दोन दाढाही काढल्या.

गॅरेजवाला गावाला गेलेला. परीक्षा शुक्रवारी. आणि बाबांचे हात वर्षभर शिवशिवत होते.

मी शनिवारी दुकान लवकर बंद करून घरी पोचले, तेव्हा आई बाजारात गेली होती आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाचं ऑपरेशन थिएटर झालं होतं. पांढरा टॉवेल अंथरलेला. त्यावर दवाखान्यातला स्टीलचा ट्रे, आरसा, दात टोकरायच्या सळ्या, दात खरवडायची हत्यारं. बाबांनी तोंडाला मास्क लावला होता. मधोमध थोरलीचा घसा, उताणा.

"बाबा, तिला संसर्ग होईल का तुमच्यामुळे?"

"तू भांडी घास," बाबा म्हणाले.

मी भांडी घासायला लागले. माझ्या पाठीमागे किर्र किर्र असा आवाज चालू होता, जो ऐकला की आजही माझी बत्तिशी शिरशिरते. बाबा गुणगुणत होते. वर्षभरात मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मी नळ बारीक केला, म्हणजे नीट ऐकू यावं. मग त्यांनी पॉलिशचा ब्रश काढला. शेवटी मला बोलावून त्यांनी नळी माझ्या नाकासमोर धरली. आतून ती आरशासारखी लखलखत होती. चकतीच्या कडेला एक काळपट राखाडी थर होता म्हणे, चिवट होता, पण सोडला नाही.

"सगळं कीटण काढलं," बाबा म्हणाले. "आता पन्नास वर्षं बघायला नको."

आई आली, तिने टॉवेल पाहिला, तोंड उघडलं, बाबांचा चेहरा पाहिला आणि तोंड मिटलं. तो तिचा पाहुण्यांसाठीचा टॉवेल होता.

मग जोडणी सुरू झाली. त्यात आम्हा दोघींनाही जुंपलं. आईच्या हातात टॉर्च, माझ्याकडे ट्रे. बाबांनी सुटे भाग काढले त्याच क्रमाने ट्रेमध्ये डावीकडून उजवीकडे मांडून ठेवले होते. मी पुढचा भाग त्यांच्या तळहातावर ठेवायचा, आणि त्यांनी तो बोटांनी चाचपून बरोबर म्हणायचं. ते बघत नव्हते. मान थोडी वाकडी करून, नजर खिडकीकडे ठेवून ते काम करत होते, जसं तोंडाच्या अगदी आतल्या दाढेवर काम करताना करायचे. आधी आडवी दांडी नळीतून सरकवली. मग स्प्रिंग. तिचा एक पाय खाचेत बसला आणि दुसरा निसटून तिने बाबांच्या अंगठ्याला असा चिमटा काढला, की मास्कमधून एक शब्द बाहेर पडला, जो दवाखान्यात कधी ऐकला नव्हता.

"पेशंटसमोर?" आई म्हणाली.

"पेशंट चावली," बाबा म्हणाले.

चकती बसवणं सगळ्यात नाजूक. तिची कड तिरपी घासलेली असते, उलटी बसवली तर अडकते. बाबांनी तिच्या कडेवरून नख फिरवलं, एकदा, दोनदा, आणि तिला दांडीच्या फटीत सरकवलं. तिला धरून ठेवणारे दोन स्क्रू इवलेसे. सुटून एंजिनात गेले तर एंजिनाचं वाटोळं. त्यांना बाबांनी पक्क्या बसणाऱ्या गोंदाचा एकेक थेंब लावला. पण आधी सैल ठेवले, चकती मिटवली आणि नळी आईसमोर धरली.

"मागून टॉर्च मार. कडेनं उजेड दिसतो?"

आईने एक डोळा मिटला. "दिसतो. केसाएवढा."

"सगळीकडून सारखा?"

"हो, अगदी सारखा. गोल."

"म्हणजे मधोमध बसली," बाबा म्हणाले, आणि त्यांनी स्क्रू आवळले.

बाजूला एक प्लास्टिकची डबी बसते. चकती किती उघडली हे ती एंजिनाला कळवते. काढण्याआधी बाबांनी दात टोकरायच्या सळीने तिच्यावर आणि नळीवर मिळून एक ओरखडा काढून ठेवला होता. आता त्या ओरखड्यात अंगठ्याचं नख अडकवून त्यांनी डबी पुन्हा होती तिथे आणली. मला तो ओरखडा उजेडात धरूनही नीट दिसत नव्हता. मला वाटलं, या माणसाचे डोळे गेले तरी काय बिघडणार आहे, आणि लगेच स्वतःचाच राग आला.

अंगणात गाडीवर घसा चढवणं सोपं गेलं. नवी कागदी वॉशर, चार बोल्ट, अॅक्सिलरेटरची तार, हवेचा रबरी पाइप. आई चालकाच्या जागेवर बसली आणि तिने किल्ली फिरवली.

थोरली अशी गरजली, की कुंपणावरचे कावळे उडाले.

आईने पाय उचलून दाखवला. पाय कशावरच नव्हता आणि थोरली आपली चढावर निघाल्यासारखी ओरडत होती.

"बघ काय ताकद आली," बाबा म्हणाले.

"ताकद कसली, ती भांडतेय," आई म्हणाली.

बाबांनी थोडा वेळ वाट बघू म्हटलं. वाट बघितली. काही फरक पडला नाही. त्यांनी तार तपासली, पाइप तपासला, चारही बोल्ट पुन्हा आवळून पाहिले. मी तोवर आत जाऊन टॉवेल धुवायला घेतला, आणि त्याच्या कोपऱ्यात मळाने माखलेलं काहीतरी चिकटलेलं दिसलं. ते सोलून काढलं. स्टिकर होता. लेबलं वाचणं हा माझा धंदाच आहे, मी न वाचता काही फेकत नाही. अंगठ्याने पुसला आणि वाचला. लाल अक्षरं, माझ्या नखाएवढी एकेक.

"काय सापडलं?" बाबा दारात उभे होते. त्यांच्या मागे आई.

माझी जीभ कधीतरी माझा घात करणार आहे. मी ते मोठ्याने वाचलं. "आतील काळा लेप खरवडू नये. साफ करू नये."

म्हणजे ते कीटण नव्हतंच. चकती मिटल्यावर कडेनं हवा जाऊ नये म्हणून कंपनीनेच दिलेला लेप होता तो. आईला दिसलेला केसाएवढा उजेड म्हणजे त्याचीच जागा. पण मला त्या लेपाचं काहीच वाटत नव्हतं. मी अंगठा फिरवत होते तो त्या अक्षरांवरून. एवढी मोठी अक्षरं. बाबा दुपारभर त्यांच्यापासून वीतभर अंतरावर बसले होते.

"असलं काही तिथे नव्हतं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता.

"नसणारच," आई म्हणाली. "मी काढला तो. मागे एकदा बॉनेटखालचं पुसत होते, तेव्हा. चिकट होता, मला वाटलं घाणच आहे."

मी आईकडे बघितलं. माझ्या आईने आजवर बॉनेट उघडलेलं नाही. ते कुठून उघडतं हेही तिला शिकवणीतच कळलं. आणि तिला थापा मारता येत नाहीत, मारायला गेली की कान लाल होतात. तेव्हा ते रसरशीत लाल झाले होते. पण लाल कान दिसायलाही डोळे लागतात.

"तू?" बाबा म्हणाले.

"हो, मी."

"मग मला विचारायचंस तरी! न वाचता असं काही काढून टाकायचं? शिकलेली माणसं तुम्ही!" आणि बाबा सुरू झाले. आईने निमूट ऐकून घेतलं. जन्मात कोणाचं अर्धं वाक्य ऐकून न घेणारी माझी आई, हात पदराला पुसत, मान खाली घालून उभी राहिली आणि अधूनमधून "चुकलं खरं" म्हणत राहिली. बोलता बोलता बाबांचा आवाज पुन्हा पूर्वीएवढा मोठा झाला. मी टॉवेल घेऊन मोरीकडे गेले, कारण मला रडू येत होतं आणि ते कोणाला दाखवायचं नव्हतं.

गॅरेजवाला फोनवर सापडला. सगळं ऐकून तो खो खो हसला. त्याने स्वतः शिकाऊ असताना मालकाच्या गाडीला हाच प्रताप केला होता म्हणे. नवा भाग मागवावा लागेल, आठवडाभर तरी लागेल. तोपर्यंत चालवायला हरकत नाही. पाय उचलल्यावरही ती जोरात ओढणार, तर ब्रेक जरा आधी दाबा. एक मात्र आहे, तो म्हणाला, आता ती बंद पडायची नाही.

आईने हे शेवटचं वाक्य फोनला कान लावून ऐकलं. जेवताना तिने घास तसाच हातात धरून विचारलं, "अहो, ही कॉपी नाही ना होणार?"

"कॉपी दुसऱ्याची करतात," बाबा म्हणाले. "ही तर आपल्याच घरातली चूक आहे."

त्यावर आई पाणी प्यायली आणि तिचे कान पुन्हा थोडे लाल झाले.

शुक्रवारी मी आणि बाबा परीक्षेच्या मैदानाबाहेर पत्र्याखालच्या बाकावर बसलो. आई आणि परीक्षक थोरलीत. या वेळी परीक्षकांनी चहा आणला नव्हता. चढ आमच्यापासून लांब होता, मला गाडी काडेपेटीएवढी दिसत होती. बाबांना काहीच दिसत नसणार. पण थोरलीचा आरडाओरडा सगळ्या मैदानात ऐकू येत होता आणि बाबा कान देऊन बसले होते.

"थांबली," ते म्हणाले.

"हो. मधोमध."

त्यांनी माझं मनगट धरलं. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे तसं, दुखेपर्यंत. आईने हँडब्रेक सोडला असेल. गाडी तसूभर मागे आली. मी बाबांना ते सांगितलं नाही. थोरली मात्र कशाचंच न ऐकता ओरडत राहिली. उचकी नाही, काही नाही. मग तिने पुढे ओढ घेतली, चढ चढली आणि पलीकडे दिसेनाशी झाली. आवाज लांब लांब जात राहिला.

"गेली ना?" बाबांनी विचारलं.

"गेली, बाबा."

त्यांनी मनगट सोडलं. मग पुन्हा धरलं आणि त्याच्यावर हलकेच थोपटलं. मला तेव्हा पहिल्यांदा थोरलीचा हेवा वाटला नाही.

परीक्षकांनी आईला पास केलं आणि वर बजावलं, "बाई, गाडीचा आवाज फार आहे. कोणाला तरी दाखवून घ्या."

"दाखवलीय," आई म्हणाली. "डॉक्टरांना."

परत येताना आई चालवत होती, बाबा तिच्या शेजारी, मी मागे. एरवी शिकवताना बाबांचा एक हात सतत हँडब्रेकवर असायचा. आज दोन्ही हात मांडीवर होते. बाजार मागे पडला, रस्ता टेकडीकडे वळला, तेव्हा ते म्हणाले, "त्या स्टिकरवर नक्की काय लिहिलं होतं गं?"

प्रश्न मला होता. उत्तर आईने दिलं. "आतील काळा लेप खरवडू नये. साफ करू नये."

"लाल अक्षरं होती?"

"लाल. मोठी."

बाबांनी खिडकीकडे तोंड केलं.

"मला दिसलं नाही ते," ते म्हणाले. "हाताला चिकट लागलं, म्हणून मीच खरवडून टॉवेलला पुसलं. मला काहीच दिसलं नाही गं."

वर्षभरात हे वाक्य आमच्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं.

आईने रस्त्यावरची नजर काढली नाही. "माहितीये मला."

"मग तू कशाला आळ अंगावर घेतलास? आणि वर मला बोलू दिलंस?"

"दोनदा माझा पाय चुकला," आई म्हणाली, "तेव्हा तुम्ही काय म्हणालात? घसा खराब झालाय. माझा पाय चुकतो हे मला कळत नव्हतं होय? मी नवशिकी असले तरी गणिताची बाई आहे."

"घसाही खराब होताच," बाबा म्हणाले.

"होताच. पायही होता."

बाबा हसले. मग त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि पुन्हा लावला, त्याने काही होणार नव्हतं तरी. "यापुढे मला वाचून दाखवत जा," ते म्हणाले. एवढं सरळ काही मागताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"दाखवीन. आधी तो पट्टा नीट लावा."

त्यांनी पट्टा नीट लावला. आईने लगेच सुरुवात केली. शाळेत फळ्यावरची उदाहरणं वाचायची त्याच खणखणीत आवाजात, थोरलीच्या ओरडण्याच्या वर आवाज चढवून.

"पुढे वळण आहे. शाळा, वाहने हळू चालवा. सायकल दुरुस्ती. येथे गाड्या उभ्या करू नयेत. विटा मिळतील. जागा विकणे आहे."

"कोणाची?" बाबांनी विचारलं.

"फोन नंबर आहे, नाव नाही. चढ सुरू."

चढावर तिने गिअर बदलला, थोरली खेकसली आणि वर आली. बाबा मान मागे टेकून ऐकत होते. डोळे मिटलेले. वाटेवरची एकही पाटी आईने सोडली नाही. आमच्या फाटकाशी येऊन तिने ब्रेक जरा आधीच दाबला, गाडी थांबवली आणि काचेतून समोर बघत तीही पाटी वाचली.

"दातांचा दवाखाना. वेळ सकाळी व संध्याकाळी."

"ती काढून टाकायला हवी आता," बाबा म्हणाले.

"राहू दे," आई म्हणाली. "घर आलं की तुम्हाला तीच वाचून दाखवायचीय."

आणि तिने किल्ली फिरवून थोरलीला गप्प केलं.